तिसरी पुकार

मराठी मंडळीचे सचिव सदानंद रणपिसे सूचना वाचायला उभे राहिले की बायका पर्सच्या चेनी ओढू लागत आणि पुरुष खिशातला फोन चाचपू लागत. उपासना आटोपलेली असे, शेवटचा आशीर्वाद तेवढा उरलेला असे, आणि त्या दोहोंच्या मध्ये सूचनांचे रखरखीत मैदान पसरलेले असे. सुट्टी शुक्रवारची, म्हणून दोहा शहरात मंडळीचा रविवार शुक्रवारी येतो. अँग्लिकन मंडळीच्या त्या एकाच सभागृहात सकाळी तमिळ, मग मराठी, मराठीनंतर तेलुगू अशा उपासना लागलेल्या असत. काचेच्या दारापलीकडे तेलुगू माणसे ढोलकी घेऊन उभी राहिली की मराठीचा वेळ सरला, हे कुणाला सांगावे लागत नसे.

त्या सप्टेंबरात सूचनांना ऊत आला होता. फुटबॉलचा विश्वचषक दोन महिन्यांवर आला होता आणि सगळे शहर पाहुण्यांसाठी अंगण सारवून, दाराकडे डोळे लावून बसले होते. मंडळीही त्यातून सुटली नव्हती.

“स्वागतकक्षासाठी नावं द्यायची आहेत,” सदानंद म्हणत होते. “इंग्रजी, हिंदी, कुणाला येत असेल तर फ्रेंच. हंगामाच्या सणाला आपला स्टॉल वडापावचाच, मृणालिनीकडं सांगा कोण काय करणार ते. मुलांची फुटबॉल मॅच आहे, त्यात मोठ्यांनी घुसायचं नाही, पोपटराव, तुम्हाला म्हणतोय. नाताळच्या गीतांची तालीम यंदा लवकर, कारण डिसेंबरात रस्ते बंद...”

काचेपलीकडे ढोलकी आली. सदानंदांनी घड्याळ पाहिले.

“आणि हो, राहिलंच. विजयकुमार याकोब भिंगारदिवे, विधुर, आणि कमलिनी शमुवेल साळवे, कुमारी, यांच्या पवित्र विवाहाची ही दुसरी पुकार. या विवाहास कुणाची न्याय्य हरकत असल्यास त्यानं ती सांगावी.”

मागच्या रांगांतल्या प्लास्टिकच्या खुर्च्या एव्हाना एकात एक घुसवल्या जात होत्या. कमलिनी साळवे पुढच्या बाजूला ताठ बसून होती. आपले नाव त्या खडखडाटात पडले, घरंगळले आणि कुठल्याशा खुर्चीखाली जाऊन थांबले, असे तिला वाटले. तरीही ते उच्चारले गेले होते. दुसरी पुकार झाली होती. आता एक उरली.

ज्या मंडळीत वधूवर भक्तीला जातात, त्या मंडळीत तीन आठवडे त्यांची नावे पुकारायची, हरकत विचारायची आणि उत्तरासाठी थांबायचे, ही रीत तिच्या गावात नांगरटीइतकी जुनी होती. श्रीरामपूरजवळच्या त्या गावी पाळक पुकार करत तेव्हा चष्मा काढून वेदीवर ठेवत आणि गप्प उभे राहत. त्या शांततेत छपरावरच्या पारव्यांची पावले ऐकू येत. लग्न खरे तर तिथेच लागते, त्या थांबण्यात, असे कमलिनीला लहानपणी वाटे. सगळे गाव श्वास धरून दोन माणसांना एकमेकांच्या स्वाधीन करते.

तिच्या चोविसाव्या वर्षी तिचे नाव तिथे दोनदा पुकारले गेले होते. मुलगा शिक्षक होता. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या घरून निरोप आला आणि पाळकांनी त्या रविवारी गीतानंतर थेट प्रार्थना सुरू केली. कुणी काही बोलले नाही. बोलायला नंतर पुष्कळ वेळ होता. पाणवठ्यावर, लग्नघरात, तिच्या धाकट्या भावांच्या मुलांच्या बारशांना. ‘दोन पुकारांची कमळी’ हे नाव कुणी ठेवले ते तिला कधी कळले नाही. पण मिरजेला नर्सिंगला जाताना एसटीत चढली तेव्हा ते नाव सामानासारखे तिच्यासोबत चढले, आणि पुढे विमानातही.

विजयकुमार तिला याच सभागृहात भेटला. माइक खरखरू लागला की मुकाट्याने उठून वायर हलवणारा, पंचेचाळिशीतला इलेक्ट्रिशियन. अल रय्यानकडच्या कामगारांच्या कॅम्पात राहायचा, स्टेडियमच्या कामावर होता. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. दोघांनी लग्नाचे ठरवले ते फारसे न बोलताच. पण गावच्या सध्याच्या पाळकांनी फोनवर बजावले होते, “तुमची मंडळी तिकडे, तर पुकार तिकडेच. सलग तीन आठवडे. मध्ये खंड पडला तर पहिल्यापासून. मला पत्र आणा, मी लग्न लावतो.” मे महिन्यात दोन पुकारा झाल्या आणि तिसऱ्या शुक्रवारी सभागृह स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाला देण्यात आले. सगळे पहिल्यापासून. आता ऑक्टोबरातली रजा तिच्या हाती होती. त्यापुढे स्पर्धा संपेपर्यंत दवाखान्यातल्या सगळ्या रजा बंद.

सोमवारी ड्यूटी संपता संपता विजयकुमारचा फोन आला.

“तिकीट दिलं,” तो म्हणाला.

“कधीचं?”

“येत्या बुधवारनंतरच्या बुधवारचं. सगळी बॅचच पाठवतायत. आमचा मुदीर साहेब म्हणाला, काम खलास, आता मॅच होईस्तवर शहरात गर्दी नको. परत बोलावतील म्हणे.”

“बोलावतील?”

“इन्शाल्ला म्हणाला.” तो हसला, त्या हसण्यात काही नव्हते. “कमलिनीबाई, शुक्रवारची पुकार झाली की मी पत्र घेऊनच निघतो. तुम्ही मागून या. एवढं एक नीट पार पडू द्या.”

फोन ठेवला तोच सदानंदांचा मेसेज येऊन पडला. या शुक्रवारी मराठी उपासना होणार नाही. सर्व भाषिकांची संयुक्त उपासना, त्यानंतर स्वयंसेवकांना टी-शर्ट वाटप. सर्वांनी वेळेवर यावे.

तिने तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. अक्षरे तीच राहिली. मग तिने पोपटरावांना फोन लावला.

पोपटराव थोरात मंडळीतले सर्वांत जुने ड्रायव्हर. राहुरीकडचे, तोंडाचे फटकळ, पण अडीनडीला गाडी घेऊन दारात हजर. त्यांनी तिला दवाखान्यातून उचलले आणि सदानंद राहत त्या अल हिलालच्या दिशेने गाडी काढली. प्रत्येक चौकात कुंपणे, नवे दिवे, नवी झाडे. रस्ता कालचा आज राहिलेला नव्हता. तीनदा वळसा पडला.

“बघा,” पोपटराव म्हणाले, “पाव्हन्यासाठी रस्ता केला आन् घरच्यालाच घर सापडंना. त्या सदानंदसायबाचं तसंच झालंय. पाव्हनं यायच्या आधीच त्यांचं स्वागत करून दमलाय गडी.”

कमलिनी हसली नाही.

सदानंदांच्या घरी बैठकीत खोके रचलेले होते. त्यांवर बसून त्यांची बायको मृणालिनी गीताच्या झेरॉक्स काढलेल्या प्रती लावत होती. तिने उठून चहा टाकला. सदानंद तेल कंपनीत इंजिनिअर. घरातही त्यांच्या गळ्यात ऑफिसचे ओळखपत्र लोंबत होते.

“कमलताई, अहो फोन करायचा. एवढं लांब कशाला आलात?”

“शुक्रवारी पुकार कोण वाचणार?”

सदानंदांचा चेहरा क्षणभर कोरा राहिला. ते विसरले होते, हे तिला चहाच्या वाफेआडूनही दिसले.

“अरे हो... पण बघा ना, संयुक्त उपासनेत प्रत्येक भाषेला तीन मिनिटं आहेत. आपलं गीत बसवलंय त्यात.”

“गीत गाळा.”

“गाळा?” मृणालिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. “महिनाभर घसे फोडतोय आम्ही. तमिळ लोकांचा क्वायर बघितलात का? आपण तिथं उभं राहून काय नुसती नावं वाचायची?”

“नावं माझी आहेत,” कमलिनी म्हणाली.

सदानंदांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला, जसा माणूस समजूतदारपणाच्या गोष्टी सांगताना आणतो.

“हे बघा, मी काय म्हणतो. पत्र मलाच लिहायचंय ना? तीन पुकारा झाल्या, हरकत आली नाही. लिहून देतो. आत्ता देतो. कोण विचारतंय गावाला, तिसरी झाली का नाही? दोन झाल्यात, तिसरी झाल्यातच जमा. देवाला ठाऊक आहे तुमचं मन.”

हे ते सहज म्हणाले, भलेपणाने म्हणाले. त्यामुळेच तिच्या आत काहीतरी तडकले. अठरा वर्षे ज्या न झालेल्या तिसऱ्या पुकारेने तिची पाठ धरली होती, ती हा भला माणूस पेनाच्या एका फटकाऱ्यात उरकून द्यायला निघाला होता. गावात तेव्हाही असेच झाले होते. कुणी वाईट वागले नव्हते. सगळ्यांनी फक्त पुढचे पान उलटले होते.

“खोटं पत्र घेऊन मी वेदीपुढं उभी राहणार नाही,” ती म्हणाली.

“खोटं कसलं त्यात!”

“झालं नाही ते झालं म्हणून लिहायचं, त्याला तुमच्या ऑफिसात काय म्हणतात?”

सदानंदांनी ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. “ठीक आहे. ठीक आहे. सूचनांमध्ये घालतो. इंग्रजी सूचना झाल्या की मराठीत वाचतो. पण कमलताई, त्या दिवशी हजार भानगडी आहेत, जरा सांभाळून घ्या.”

परतताना तिने विजयकुमारला फोनवर सगळे सांगितले.

“घ्यायचं होतं की पत्र,” तो म्हणाला. “आपण काय चोरी करतोय? माझं तिकीट हातात आहे. शुक्रवारी कायतरी घोटाळा झाला म्हणजे?”

“तुम्हीसुद्धा?”

“मी काय सुद्धा! मला लग्न करायचंय, कमलिनीबाई. पुकार नाही करायची.”

तिने फोन बंद केला. पोपटरावांनी आरशातून पाहिले आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच काही न बोलता गाडी चालवली.

शुक्रवारी मोठे चर्च काठोकाठ भरले होते. फिलिपिनो, नायजेरियन, तमिळ, सिंहली. एवढी माणसे आणि एवढ्या भाषा की प्रार्थनाही बाजारासारखी वाटावी. वेदीशेजारच्या पडद्यावर एक फुटबॉल गरगरत होता आणि त्याखाली स्पर्धेला उरलेले दिवस उलटे मोजले जात होते. मराठी गायकवृंद गाऊन खाली आला. मृणालिनीच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर समाधान. कमलिनीने मान वळवून पाहिले. विजयकुमार अगदी मागे, दारापाशी उभा होता. कंपनीची बस लवकर सुटणार होती, म्हणून आत येऊन बसला नव्हता. त्याने मान हलवली. तिने हलवली नाही. सोमवारचा राग अजून दोघांच्या मध्ये उभा होता.

इंग्रजी सूचना लांबल्या. उजवीकडच्या भिंतीशी टी-शर्टांचे टेबल मांडले जात होते आणि आशीर्वादाच्या आधीच लोकांची त्या बाजूला सरकासरक सुरू झाली होती. तेवढ्यात सदानंद माइकपाशी आले.

“मराठी बांधवांसाठी. वडापावची मीटिंग पुढच्या शुक्रवारी. आणि विजयकुमार भिंगारदिवे, कमलिनी साळवे यांच्या विवाहाची ही तिसरी पुकार, कुणाची हरकत असल्यास सांगावी, नसेलच! चला, टी-शर्ट उजवीकडं, एक्सएल संपत आलेत, यल्ला.”

लोक हसले. हसणे टी-शर्टांना होते. पण ते तिच्या नावावरून चालत गेले.

ती उभी राहिली. आपण उभ्या राहतो आहोत हे तिला उभे राहिल्यावर समजले.

“हरकत आहे,” ती म्हणाली.

तिचा आवाज वॉर्डात कमावलेला होता. माइकची गरज नव्हती. आधी मराठी माणसे थिजली. मग त्यांच्या शेजारची. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत ती स्तब्धता पाण्यासारखी झिरपत गेली, आणि टेबलाशी टी-शर्ट उलगडणाऱ्या मुलीचे हात हवेतच राहिले.

“कमलताई,” सदानंदांचा रंग उडाला होता, “काय बोलताय? तुमच्याच लग्नाला?”

“लग्नाला नाही. हरकत विचारली की उत्तरासाठी थांबायचं असतं. तुम्ही थांबला नाहीत. ही पुकार झाली नाही.”

“बराबर बोलल्या बाई,” मागून पोपटरावांचा आवाज आला. “गाडी थांबवल्याबिगर पॅसेंजर उतरंल कसा?”

मुख्य पाळक पुढे आले. ते केनियाचे, ताडासारखे उंच. मराठीचा एक शब्द त्यांना येत नव्हता. त्यांनी इंग्रजीत विचारले, “या बाई काय म्हणतात?”

सदानंदांनी घसा साफ केला. “म्हणतात, मी घाई केली.”

“केलीत का?”

सदानंद काही क्षण बुटांकडे बघत राहिले. “हो,” ते म्हणाले.

“मग पुन्हा वाचा.” पाळकांनी पडद्याकडे बोट केले; कुणीतरी तो बंद केला. गरगरणारा चेंडू विझला.

सदानंदांनी पुन्हा वाचले. पूर्ण नावे, बापांच्या नावांसह; विधुर, कुमारी; न्याय्य हरकत. या वेळी त्यांचा आवाज थोडा कापत होता आणि त्यामुळे तो प्रथमच पाळकाच्या आवाजासारखा वाटला. मग ते थांबले. सगळे थांबले. ज्यांना अक्षर कळले नव्हते ते लोकही थांबले, कारण थांबणे कुठल्याच भाषेतले नसते. वातानुकूलन यंत्राची मंद घरघर, कुणाच्या तान्ह्या मुलाचा सुस्कारा. कमलिनीला वाटले, एवढा एक क्षण आपण अठरा वर्षे उशाशी घेऊन झोपलो, आणि तो शेवटी भांडून मिळवावा लागला. मागून घेतलेल्या आदरासारखा त्याला तळाशी कडू गाळ होता. तरी तो होता. तिने तो विजयकुमारला दाखवावा म्हणून मान वळवली.

दारापाशी कुणी नव्हते.

‘हरकत आहे’ एवढेच त्याने ऐकले होते, आणि तो निघून गेला होता.

पाळक “आमेन” म्हणाले की नाही हे तिने ऐकले नाही. ती रांगेतून बाहेर पडली, माणसांच्या गुडघ्यांना धडकत, माफी न मागता. बाहेर दुपारचे ऊन डोळ्यांत खुपसल्यासारखे आले. गेटपाशी वेगवेगळ्या कंपन्यांच्या पांढऱ्या बसेस इंजिने चालू ठेवून उभ्या होत्या. तिसऱ्या बसच्या पायऱ्यांवर तिने पाय ठेवला. आत निरनिराळ्या देशांची दमलेली माणसे बसली होती, आणि खिडकीशी विजयकुमार, मांडीवर हात गुंफून.

“उतरा,” ती म्हणाली.

“बस सुटतेय.”

“पुकार झाली. पूर्ण झाली. सगळे थांबले होते.”

“ऐकलं मी काय झालं ते.” त्याने मान वर केली नाही. “चारशे माणसांत हरकत आहे म्हणालात. पत्र घ्या म्हणालो, त्याची एवढी शिक्षा?”

“पुढचं ऐकलं नाहीत?”

“पुढं काय ऐकायचं असतं माणसानं?”

इतका वेळ ती स्वतःच्या जुन्या जखमेकडे पाहत होती. या माणसालाही एका शब्दाने तशीच जखम करता येते, हे तिच्या ध्यानातच आले नव्हते. लाजेने तिचे कान तापले, आणि लाजेच्या पाठोपाठ पुन्हा राग आला; त्याच्यावर, सदानंदांवर, त्या गरगरणाऱ्या चेंडूवर.

“माझी हरकत घाईला होती,” ती म्हणाली. “तुम्हाला नाही. त्यांनी पुन्हा वाचलं.”

“यल्ला, सिस्टर, यल्ला,” ड्रायव्हर रहमान हिंदीत म्हणाला, “टाइम हो गया.”

“फोन करतो रात्री,” विजयकुमार म्हणाला.

“फोनवर नको. आत सगळे थांबले होते आणि तुम्हीच नव्हतात. म्हणून मी विचारते.” तिने दाराचा दांडा धरला. “विजयकुमार याकोब भिंगारदिवे आणि कमलिनी शमुवेल साळवे. तिसरी वेळ. कुणाची हरकत असल्यास सांगावी.”

आणि ती थांबली. बसमधल्या नेपाळ्यांनी, बिहाऱ्यांनी, बंगाल्यांनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे. रहमानने दाराचे बटण दाबले. दार तिच्या चपलेला लागून अर्ध्यावर अडले, मागे गेले, पुन्हा आले. तिने पाय हलवला नाही.

विजयकुमार उठून उभा राहिला. त्याचे डोके वरच्या फळीला लागले. इतक्या वर्षांत कधी आवाज न चढवलेला तो माणूस भर बसमध्ये ओरडला.

“नाही! नाही गं माझी हरकत! पाय काढ आधी, मोडेल की पाय!”

मागून कुणीतरी शिट्टी मारली. दोघातिघांनी टाळ्या पिटल्या. कशासाठी, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. तिने पाय काढला. दार लागले आणि बस गेटबाहेर वळली. काचेआड तो अजून उभाच होता, डोके चोळत, काहीतरी बोलत. ते तिला ऐकू आले नाही.

ती उन्हात थोडा वेळ उभी राहिली. चपलेचा अंगठा तुटला होता. मग पाय फरफटत ती परत आत गेली. आशीर्वाद होऊन गेला होता, पडदा पुन्हा सुरू झाला होता आणि टी-शर्टांच्या टेबलाशी झुंबड उडाली होती. सदानंद खोक्यात वाकून कुणासाठी तरी माप शोधत होते. ती त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

“पत्र,” ती म्हणाली. “आत्ता लिहा. माझ्यासमोर. आणि सावकाश.”